एक आण्याचं दुखणं

अण्णा, तुझ्या रक्षाविसर्जनाला मी जे केलं त्यावरून भावकी माझ्यावर रुसली आहे. परत निघताना फाट्यापर्यंत सोडायलाही कुणी आलं नाही. आम्ही दोघं नवराबायको पिशव्या घेऊन चालत निघालो आणि सांगलीची गाडी येईपर्यंत उन्हात उभे राहिलो. वाटेत हे एवढंच म्हणाले, "बरं केलंस." तू असतास तर तूही रुसला असतास. पण तू नाहीस, आणि मला सगळ्यात जास्त राग तुझाच आला आहे. तेव्हा आता निमूट ऐकून घे.

काय केलं ते शेवटी सांगते. आधी तुझी खोड.

तुला कुणी कसं काय विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं, "एकदम ठीक." पलटणीतून सुभेदार होऊन आलास ते हे दोन शब्द घेऊनच आलास. वहिनी गेली, तू एकदम ठीक. पोरगा तिकडे आसामात, महिना महिना खुशाली नाही, तरी तू एकदम ठीक. कंबर धरली तेव्हाही ठीकच होतास. उमेदीत पाठीवर ओझी वाहिली, ती आता जाब विचारतात म्हणालास आणि बाम चोळत राहिलास. साताऱ्यात ऑपरेशन झालं ते मला हर्नियाचं म्हणून सांगितलंस. मी डबा घेऊन आले तर तू चादर हनुवटीपर्यंत ओढून भिंतीकडे बघत पडला होतास, आणि वाटाण्याच्या उसळीचं कौतुक करत होतास.

लघवीच्या जागेला गाठ होती, ती कॅन्सरची निघाली आणि आता हाडांत उतरली आहे, हे मला सांगलीच्या डॉक्टरांकडून कळलं. प्रोस्टेट हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे ऐकला. बहिणीला असलं काय सांगायचं, असा तुझा विचार. अरे, मी माझ्या सासऱ्यांचं दोन वर्षं अंथरुणातलं सगळं केलं आहे. मला कसली लाज दाखवत होतास? त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर मी रडले, ते दुःखानं कमी आणि संतापानं जास्त.

सांगलीत कोबाल्टचं मशीन होतं, म्हणून तुला इकडे पाठवलं. आमच्याकडे त्याला लाईट देणं म्हणतात, कुणी शेक देणं म्हणतात. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की रोग जाणार नाही, पण कमरेच्या मणक्यावर आणि खुब्यावर नेमकी लाईट दिली तर तिथलं दुखणं उतरेल. मात्र लगेच नाही. काही आठवडे वाट बघावी लागेल, आणि सुरुवातीला दुखणं वाढेलसुद्धा. तेवढे दिवस औषधांवर काढायचे. तू मान डोलावलीस, जसं काही ते दुसऱ्याच माणसाबद्दल बोलत होते.

सुरुवातीला तू साताऱ्याहून रोज एसटीनं जा-ये केलीस. मोडायला आलेला मणका घेऊन, लाल डब्यातून, कराड-इस्लामपूरच्या खड्ड्यांवरून. बहिणीच्या घरी आजारी माणसानं मुक्काम करायचा नसतो, हा तुझा कायदा. दिवाळीला भाऊ म्हणून ओवाळून घ्यायला यायचं, दुखणं घेऊन यायचं नाही. शेवटी ह्यांनी स्टँडवर तुझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि रिक्षात ठेवली, तेव्हा पिशवीमागून तू आमच्या घरी आलास.

आल्याआल्या काय केलंस? लाईट नेमक्या जागी पडावी म्हणून पाठीवर जांभळ्या शाईनं खुणा काढल्या होत्या. त्या पुसायच्या नाहीत, पाणी लावायचं नाही, असं दहादा बजावलं होतं. तू सकाळी उठून साबण लावून अंग घासलंस आणि खुणा धुऊन काढल्यास, कारण आंघोळीशिवाय डॉक्टरांपुढे उभं राहणं तुला शोभत नव्हतं. मग खुणा पुन्हा काढायला मशीनखालच्या त्या लाकडासारख्या टणक टेबलावर तुला पुन्हा पालथं पाडलं. मी दारातून बघत होते. हात दोन्ही बाजूंना सरळ, बोटं जुळलेली, पालथ्यानंही तू सावधानमध्ये होतास. उठवलं तेव्हा टेबलावर घामानं तुझा आकार उमटला होता.

आता त्या आण्यांचं.

डॉक्टर तरुण होते, माणूस वाईट नव्हता. खेड्यापाड्यातल्या पेशंटना सांगता यावं म्हणून ते आण्यांत विचारायचे. रुपयातले किती आणे दुखतंय? तुझ्या शेजारी बाकावर तासगावचे हुसेनभाई बसायचे. बेदाण्याच्या शेडवर आयुष्य काढलेलं, अंगानं वाळून गेलेले, आणि दुखणं तुझंच. त्यांना विचारलं की ते म्हणायचे, "अठरा आणे, डाक्टर." सगळी रांग हसायची. टेबलावर चढवताना ते एका दमात अल्लालाही हाक मारायचे आणि आईलाही. तुला विचारलं की तू उभा राहायचास आणि म्हणायचास, "एक आणा, सर."

अठरा आणेवाल्याला टेबलावर घेण्याआधी इंजेक्शन मिळायचं. एक आणेवाल्याच्या पाठीवर डॉक्टर थाप मारायचे, शाब्बास म्हणायचे आणि तसंच टेबलावर घ्यायचे. थाप पडायची तिथेच मणका पोखरलेला होता, अण्णा. मी ती थाप बघायची आणि माझ्या हाताच्या मुठी व्हायच्या. तू मात्र शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलासारखा माझ्याकडे बघायचास.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही, हे तुला माहीत होतं. नगरपालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळते, माझा आवाज मैदानापलीकडे जातो. मी डॉक्टरांना गाठलं आणि विचारलं, याहून जालीम काही आहे की नाही? ते म्हणाले, आहे. मॉर्फिनच्या गोळ्या. पण इथे नाहीत. सरकारी परवाना लागतो, तो आमच्याकडे नाही. मी सांगली पालथी घातली, मिरजेला गेले. एका औषधवाल्यानं नाव ऐकून आधी रस्त्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, जशी काही मी पोतंभर अफू मागायला आले होते. बाई, असलं नाव घेऊ नका, म्हणाला. आपल्याच देशात अफू पिकते आणि आपल्याच माणसानं दात आवळून मरायचं, हा कुठला न्याय? मी त्याच्या दुकानात हेच विचारलं. त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

मी परत डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले की मोठ्या शहरातल्या दवाखान्यामार्फत मागणी करून बघता येईल, वेळ लागेल पण बघता येईल. मग चष्मा काढला आणि म्हणाले, "पण मी काय सांगून मागू? तुमचे भाऊ मला रोज एक आणा सांगतात. एक आण्याच्या दुखण्याला मॉर्फिन कोण देईल? शिवाय त्याची सवय लागते."

"सवय लागायला त्याच्याकडे दिवस किती आहेत?" मी विचारलं. त्यांनी तुझा कागद पुढे ओढला आणि त्यावर लिहिलेल्या एक आण्यावर बोट ठेवलं.

म्हणजे सगळं तुझ्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. मी घरी येऊन तुला समजावलं, हातापाया पडले. उद्या डॉक्टरांनी विचारलं की खरं सांग, एवढंच. तू हो म्हणालास. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मुद्दाम तुझ्यासमोर खुर्ची घेऊन बसले, माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, आणि तू उभा राहिलास. एक आणा, सर. त्या क्षणी मला तुझ्या थोबाडीत मारावीशी वाटली. थोरला भाऊ, बापाच्या जागी असलेला, तरी वाटली, आणि आज तू नसतानाही ते मी मागे घेत नाही.

आणि ते तुझे भेटायला येणारे! साताऱ्याकडची तुझी निवृत्त मंडळी, कुणी नाईक, कुणी हवालदार, मिशा पिळून, फळांच्या पिशव्या घेऊन. ते येणार कळलं की तू दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, उशी बाजूला सारून खुर्चीत ताठ बसायचास. तासभर जुन्या पोस्टिंगच्या गप्पा. चहा मी दोनदा करायची. जाताना ते मला दारात सांगून जायचे की ताई, सुभेदारांना काही झालेलं नाही, तुम्ही उगाच काळजी करता. त्यांची पाठ वळली की तू खुर्चीतून उठू शकायचा नाहीस. ह्यांनी आणि मी दोन्ही काखांत हात घालून तुला कॉटवर न्यायचं.

अशाच एका दुपारी मी शाळेतून आले तर तू तोंडात पंचा धरून बसला होतास. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि आवाज मात्र नाही. माझा तोल गेला. शाळेतली भाषा गेली आणि गावची आली.

"आरं काय चालवलंयस ह्ये? एकदा सोळा आणे म्हण. फुडचं मी बघती."

तू पंचा काढून घडी घातलीस. "शके, ह्ये तुजं सासर हाय. हितं मी कण्हत बसलो तर तुला बोल लागंल. भाऊ आला आन घराचा दवाखाना करून गेला म्हंतील."

"कोण म्हणंल?"

"म्हणत्यात. तुला न्हाई कळायचं."

आतून आमच्या सासूबाईंचा आवाज आला. गुडघे दुखतात म्हणून त्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत असं कण्हतात की गल्लीत नवा आलेला माणूस थांबून चौकशी करतो. त्या म्हणाल्या, "आवं पावणं, कण्हा की मोकळ्यापणानं. मी दीसभर कण्हती, मला कोण काय म्हंतंय का? एकट्यानं कण्हायचा कटाळा आलाय बघा मला." मी हसले. तूही हसशील वाटलं. पण तू त्यांचा मान राखायला म्हणून भिंतीला धरून उठून उभा राहिलास आणि म्हणालास, "न्हाई आई, मी एकदम ठीक हाय."

मग मी तुला काट्याची आठवण करून दिली. मी लहान होते, मळ्यात बाभळीचा काटा टाचेत मोडला होता. तू माझा पाय मांडीवर घेतलास, सुई तापवलीस आणि म्हणालास, "वरड शके. मोठ्यांदा वरड. वरडलं की काटा लवकर निगतो." मी एवढी ओरडले की विहिरीवरची माणसं धावत आली. तू हसत होतास आणि काटा काढत होतास. आयुष्यात जिथे जिथे मी तोंड उघडलं, सासरी, शाळेत, त्या औषधवाल्याच्या दुकानात, ते तुझ्या त्या शिकवणीवर. तुझ्या पगारातून मी शिकले तेही खरं, पण आधी तू मला ओरडायला शिकवलंस. मग तुझा काटा निघायची वेळ आली तेव्हा तू पंचा का चावत बसलास?

"तू ल्हान व्हतीस," एवढंच तू म्हणालास, आणि कूस वळवलीस. आपलं भांडण तिथेच राहिलं. बाप गेला तेव्हा तुला मिसरूडही फुटलं नव्हतं. तुझा पाय मांडीवर घेऊन ओरड म्हणणारं कुणी नव्हतं. हे मला कळतं रे. कळलं म्हणून राग कमी होत नाही.

लाईटनं गुण आला, हे कबूल करते. हळूहळू खुब्याचं दुखणं उतरलं. एका संध्याकाळी तू काठी न घेता माझ्याबरोबर कृष्णेच्या घाटापर्यंत चालत आलास. पायरीवर बसून आपण भडंग खाल्लं, वर कच्चा कांदा. तू तोंडभर खात होतास आणि मशीनचं कौतुक करत होतास, "लय भारी चीज हाय शके. आवाज न्हाई, धूर न्हाई, आन बराब्बर निशाण्यावर." मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. कपाळावरची आठी गेली होती. किती महिने तू काय सोसत होतास ते मला तेव्हा कळलं, कारण तुझा खरा चेहरा कसा होता हेच मी विसरून गेले होते. त्या एका संध्याकाळसाठी मी त्या मशीनच्या पाया पडायला तयार आहे. पण तसल्या संध्याकाळी आणखी मिळाल्या असत्या, अण्णा. मधले सगळे दिवस तू पंचा चावून घालवलेस, ते माझे होते. माझ्या वाट्याचा भाऊ तू गिळून टाकलास.

मग बरगड्या दुखायला लागल्या, मग मान. डॉक्टर म्हणाले, आता सगळीकडे लाईट देता येणार नाही. तू गावी जायचं म्हणालास आणि मी रजा टाकून तुझ्याबरोबर आले. साताऱ्याहून एक डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन जायचे, त्याचा असर चहा निवेपर्यंत टिकायचा. बोलणं बंद झालं तरी तू शुद्धीत होतास. शेवटच्या सकाळी मी तुझ्या कानाशी वाकून विचारलं, "आण्णा, किती आणे?" तू डोळे उघडलेस. हात उचलायला तुला किती वेळ लागला. मला वाटलं, आता तरी. तू एक बोट वर केलंस.

ते बोट मला झोपताना दिसतं, फळ्यावर लिहिताना दिसतं. कुणाला खोटं सांगत होतास शेवटी? तिथे डॉक्टर नव्हते, पलटण नव्हती, माझं सासर नव्हतं. मीच होते.

रक्षाविसर्जनाला तुझा पोरगा आसामातून पोचू शकला नाही, पण हुसेनभाई आले होते. दोन एसट्या बदलून, काठी टेकत, तासगावहून. मी त्यांना नदीकाठच्या दगडावर बसवलं आणि तिथेच त्यांच्याजवळ बसले. ते म्हणाले की सुभेदार आधी माझ्यावर चिडायचे. भाई, बायामाणसं बसल्यात, जरा दमानं घ्या, असं सांगायचे. मग एक दिवस लाईटच्या रांगेत त्यांनी माझा हात धरला.

"माझ्या कानात म्हणले, भाई, आज दोगांचं वरडा." हुसेनभाईंनी स्वतःचा हात माझ्यापुढे धरला. "मंग रोजचंच. मी वरडायचो आन सुभेदार माझा हात आवळायचे. लय जोर व्हता, बाई. माझी बोटं सुजायची. लोक हसायचे मला, हसू देत. मी दोगांचं वरडत व्हतो."

मी विचारलं, "तुम्हाला आकडा सांगितला होता त्यांनी?"

"सोळा आणे," हुसेनभाई म्हणाले.

मला कळेना, रडू की तुला शिव्या घालू. म्हणजे तुला ओरडायचं होतं. तू परक्या माणसाचा गळा मागून घेतलास आणि माझा तुझ्याजवळ तयार होता तो वापरला नाहीस.

तेवढ्यात भाषणं सुरू झाली. आपल्याकडची रीत, राख पाण्यात सोडली की काठावर चार शब्द बोलायचे. तुझी मिशीवाली मंडळी एकेक करून पुढे आली. प्रत्येकानं तेच सांगितलं. सुभेदारांनी शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही. एवढं मोठं दुखणं, पण कधी कुणाला कळू दिलं नाही. खरा जवान. तरुण पोरांनी आदर्श घ्यावा. बाप्ये माना डोलवत होते, पोरं ऐकत होती. मागे एक म्हातारा कमरेवर हात दाबून उभा होता, कौतुक ऐकून त्यानं तो हात खाली घेतला आणि ताठ झाला. ते मी बघितलं आणि माझ्यानं बसवेना.

मी हुसेनभाईंजवळून उठले आणि पुढे गेले. माझ्याकडे काही भाषण नव्हतं. मी म्हटलं, "माझ्या भावाला दुखत होतं. सोळा आणे दुखत होतं. त्यानं सांगितलं नाही म्हणून त्याला औषध मिळालं नाही. याचं कौतुक करू नका."

कुणीतरी म्हणालं, ताईंना बसवा. थोरल्या घरच्या काकींनी माझा दंड धरला. मला आणखी बोलायचं होतं, पण शब्द येईनात. म्हणून अण्णा, मी नुसतीच ओरडले. वर्गात ओरडते तशी नाही, टाच तुझ्या मांडीवर होती तेव्हा ओरडले होते तशी. पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. तुझी रक्षा अजून काठाशीच रेंगाळत होती. हीच कृष्णा खाली आमच्या सांगलीला येते, म्हणजे तू आमच्याच दारावरून जाणार, आणि या वेळी मुक्कामाला थांबणार नाहीस.

काकी मला खाली ओढत होत्या, लोक गप्प कर म्हणत होते, आणि मी थांबत नव्हते. दोघांचं ओरडायचं होतं, जरा वेळ लागला.